जिराफ सराफाची नखं

गंगापूर रोडवरच्या मुलींच्या शाळेत मी चित्रकला शिकवायला लागले, त्याच सुमारास, सत्तरचं दशक संपता संपता, आमच्या निवृत्त हेडमास्तरांना बालगीतांची लागण झाली. एक दिवस कागदांची गुंडाळी घेऊन ते घरी आले. "बाई, चित्रं तुम्ही काढायची. पुस्तक मी स्वतः छापतोय."

पहिलंच गाणं होतं:

एक होता जिराफ,
धंद्याने सराफ.
मुलांनो, नखे ठेवा साफ.

"सर, जिराफाचा आणि नखांचा काय संबंध?"

"बोध नको? बोध नसला तर शाळा पुस्तक घेत नाहीत."

"पण जिराफाला खूर असतात."

"यमक जुळतंय ना? मग नखं काढा."

मी काढली. जिराफाला गादीवर बसवला, डोक्यावर काळी टोपी, पुढ्यात तराजू. मान दुकानात मावेना म्हणून छताला टेकवून खाली वळवली, तर तो गिऱ्हाइकाच्या कानात भाव सांगतोय असं दिसायला लागलं. मला ते फार आवडलं. सरांनी चित्र बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाले, "नखं जरा ठळक हवीत."

छापखान्यात काळ्याशिवाय पिवळा आणि लाल एवढेच रंग मिळणार होते. पिवळा जिराफाला लागला. नखं लालभडक आली.

प्रकाशन शाळेच्याच हॉलमध्ये झालं. प्रमुख पाहुणे पुस्तक न उघडताच त्यातल्या संस्कारांवर भरभरून बोलले. मग सर वाचायला उभे राहिले. जिराफ मुलींना इतका आवडला, की पुढे हत्ती येवो नाहीतर कासव, प्रत्येक गाण्याच्या शेवटी सगळा हॉल ओरडायचा, "नखे ठेवा साफ!" सरांचे बाकीचे बोध कुणाला ऐकूच गेले नाहीत. तरी सर खुशीत होते.

सोमवारी माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली नखांना लाल शाई लावून आल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना रांगेत उभं केलं आणि मला बोलावून घेतलं. "हे कुठून शिकल्या या?"

मी पुस्तक पुढे केलं. बाईंनी आधी गाणं वाचलं, मग चित्र पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. मुलींना हात धुवायला पाठवून दिलं.

संध्याकाळी सरांना ही हकीकत सांगितली, तेव्हा ते गंभीर झाले. "दुसऱ्या आवृत्तीत नखं पिवळी करू."

दुसरी आवृत्ती कधी निघाली नाही. उरलेल्या प्रती शाळेने बक्षिसांना वापरल्या. पुढे कित्येक वर्षं खो-खो जिंकलेल्या दांडग्या मुली स्टेजवरून ते पुस्तक घेऊन उतरायच्या आणि जागेवर बसायच्या आधीच उघडून एकमेकींना दाखवायच्या.