देवघरातलं चावट पुस्तक

"काय चावट माणूस आहेस रे तू, दिन्या. या वयात असली पुस्तकं वाटतोस?" पलीकडे कोण आहे हे न विचारता मी सुरू झालो होतो. पलीकडून त्याची मुलगी म्हणाली, "काका, बाबा पहाटे गेले..." आभार मानायला केलेला फोन. माझं हे असंच, तोंड आधी धावतं.

दिनकर आणि मी साकीनाक्याच्या एका कंपनीत शेजारच्या टेबलांवर केस पिकवले. मुलुंडला राहायलाही एकाच सोसायटीत. जेवणाच्या सुट्टीत आम्ही डुलक्या काढायचो तेव्हा हा जुनी प्राकृत कविता मराठीत आणत बसायचा. पुस्तक निघालं तेव्हा दिवाळीत स्वतः घरोघरी देऊन आला. लाल बांधणी, वर 'प्राचीन काव्य'. मी ते बायकोच्या हातात दिलं, तिने हळदकुंकू वाहून देवघरात ठेवलं. जिन्यात भेटला की विचारायचा, "उघडलंस का रे?" मी म्हणायचो, "निवांत वाचतोय." त्या रविवारी भल्या सकाळी देवघर घासायला काढलं म्हणून ते हातात आलं आणि उभ्याउभ्याच वाचून संपलं. नवरा परगावी गेलाय आणि आमचा कुत्रा अजिबात भुंकत नाही, हे शेजारणीला गल्लीभर ऐकू जाईल असं सांगणारी बाई... आणि लगेच पुढच्या पानावर रिकाम्या वाटेकडे बघत बसलेली दुसरी. हसू ओसरायच्या आत ते पान पुन्हा वाचलं. तसाच फोन लावला.

पंधरवड्याने सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. अध्यक्ष म्हणाले, भक्तिरसाचा ठेवा. दुसरे म्हणाले, पानोपानी देव भेटतो. तिसऱ्यांनी चातुर्मासात सामुदायिक वाचनाची सूचना मांडली. माझं डोकंच फिरलं. माणसाने एकेका शब्दासाठी वर्षं घालवायची आणि आपण त्याच्या फोटोसमोर उभं राहून न उघडलेल्या पुस्तकाला हार घालायचे? "वाचलं नाही हो" म्हणायची एकालाही लाज... मी उठलो आणि कुत्र्याची कविता मोठ्याने वाचली. अध्यक्षांनी माईक परत मागितला. पहिल्या रांगेत त्याची बायको नलिनी पदराआड हसली, मग रडली.

घरी येऊनही मी धुमसतच होतो. "देव्हाऱ्यात बसवून मारलं त्याला सगळ्यांनी. आपणही."

बायकोने पुस्तक घेतलं, मुखपृष्ठावरचं कुंकू पुसायला गेली, आणि थांबली.

"अहो, भावजींना मी सांगितलं होतं, ते देवघरात आहे म्हणून. जिन्यात बसून हसले. म्हणाले, 'राहू दे वहिनी, त्याला बोलू नका. उघडेल त्या दिवशी शिव्या घालत फोन करेल. तो मला ऐकायचाय.'"