काकांचं लॉगिन

त्या दिवशी सोलापुरात घरी बसून व्हीपीएन जोडलं, पण कारखान्याचं टॉवेल-डिझाइनचं फोल्डर काही उघडेना. पासवर्ड चुकीचा म्हणे. माझा पासवर्ड मला शिकवणारं हे कोण? चिडून मी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

"लॅपटॉपमध्ये जुनं लॉगिन सेव्ह आहे की," तो म्हणाला. पाहिलं, तर ते ऑफिसातल्या, नुकतेच रिटायर झालेल्या काकांचं. मी नवीन असताना, काम अडू नये म्हणून, त्यांनी स्वतःचंच टाकलं होतं. आता त्यांचं खातं बंद. ते काढून माझं टाकलं, फोल्डर उघडलं.

"आता फाइलमधले बदल काकांच्या नाही, तुमच्या नावावर दिसतील," तो म्हणाला.

म्हणजे इतकी वर्षं माझ्या चुकांसाठी साहेबांची बोलणी काका गुमान खात होते.