खांबांवरचे रंग

पापाटोएटो या उपनगरात राहायला आलो त्या वर्षी दर शनिवारी सकाळी मैदानावर एक म्हातारा दिसायचा. ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे गोलचे खांब तो एकटाच उभे करायचा, मैदानाच्या प्रत्येक टोकाला चार. थंडीतही पायात जांडल्स, म्हणजे साध्या रबरी चपला. पावलं टाकून अंतर मोजायचा आणि खांब बसला की त्याला एक थाप मारायचा.

एकदा न राहवून मी खांब धरायला गेलो. खांब लाल, पण बुडाशी वीतभर जागेवर तो नवा रंग दिलेलाच नव्हता, जुनाच दिसत होता. मी पडलो इंजिनिअर. म्हटलं, "इथे रंग द्यायचा राहिलाय. गंजेल."

"मुद्दाम ठेवलाय," म्हणत त्याने नखाने पोपडा उचलला. वर निळा, खाली हिरवा, अगदी तळाशी पिवळा. "पिवळा आमचा पहिला क्लब. खेळाडू कमी पडले, शेजारच्या क्लबात मिसळलो, हिरवे झालो. पुन्हा तेच झालं, तेव्हा निळे. आता लाल."

"हे सगळं लिहून का ठेवत नाही?"

"लिहिलेलं कपाटात जातं, मेट. खांब दर शनिवारी बाहेर काढावे लागतात."

लाल जर्सीवाले एकेक करून आले. त्याने मान हलवत मोजले. समोरच्या संघाकडून तीन जण मागून आणले, तरी एक कमीच. मग तो माझ्या पायांकडे बघत म्हणाला, "तुझ्या बुटांचं माप काय?"

मी जन्मात फक्त क्रिकेट खेळलेलो. खोटं माप सांगून सुटता आलं असतं. पण त्याच्या नखात अडकलेला पिवळा कण दिसला आणि मी म्हणालो, "आठ."