सर्टिफिकेट होतं, हवा उलटी होती

"सही करा चाचा, पेशंटला आत घ्यायचंय," मॅनेजर साहेब म्हणाले.

ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटीच्या, एसीचं काम माझ्याकडे. शाळा चौथीपर्यंत, पण सगळी उमर ह्याच मशिनींत गेली. कोरोनात म्हाताऱ्यांना घरी बसवलं, मीही देवळाली कॅम्पातल्या घरी बसलो. ठरवून करायची ऑपरेशनं वर्षभर बंद. ती सुरू व्हायच्या दिवशी मला बोलावलं, तेही सहीपुरतं.

"आधी बघतो."

"कंपनीचा इंजिनिअर काल बघून गेला. सर्टिफिकेट आहे, कलर प्रिंट!"

"मग फ्रेम करून लावा."

ओटीचा नियम साधा. आतली हवा दाराच्या फटीतून बाहेर ढकलली गेली पाहिजे, म्हणजे कॉरिडॉरची धूळ आणि जंतू आत येत नाहीत. मी बँडेजचा धागा काढून फटीशी धरला. धागा आत ओढला गेला.

"आता धाग्यावर हॉस्पिटल चालवायचं का?" साहेब हसले.

"कागदावर चालवताय, त्यापेक्षा बरं."

कारण मला माहीत होतं. कोरोनाच्या पेशंटची तातडीची ऑपरेशनं इथंच व्हायची. त्यांची हवा कॉरिडॉरमध्ये पसरू नये म्हणून ओटीमागच्या स्टोअरच्या भिंतीत ओटीतली हवा ओढणारा पंखा लावला होता. घरी जायच्या आधी मीच बसवलेला. तो अजून तिथंच, स्टोअरच्या मेन स्विचवर. इंजिनिअर आला काल, रविवारी. स्टोअर बंद, मेन बंद, म्हणून पंखाही बंद. त्याच्या यंत्रात सगळं झकास दिसलं. आज सकाळी स्टोअर उघडलं, मेन चालू झाला, पंखाही. भिंतीमागं काय आहे ते बघायला खुर्चीवरून उठावं लागतं.

"मग पंखा बंद करा नि चालू द्या!"

"सकाळपासून कॉरिडॉरची घाण आत ओढलीय. आज बाईचा खुबा बदलायचाय. हाडात जंतू गेला तर आयुष्यभर ती भोगणार, तुम्ही नाही."

सर्जन मॅडम आल्या. त्यांनी धागा बघितला आणि म्हणाल्या, "आज नाही."

पेशंटला सांगायची वेळ आली तेव्हा साहेबांना अर्जंट फोन आला. मग मीच गेलो. सायखेड्याच्या सुमनबाई. वर्षभर संडासलाही सुनेच्या खांद्याला धरून जात होत्या, आणि त्या दिवशी सकाळपासून उपाशी.

"बाई, चार दिवस थांबावं लागंल."

"अजून? तुमच्या एसीला आग लागो!"

"लागो. पण आज आत जायचं नाय."

त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

पंखा काढला, भोक बुजवलं, फिल्टर बदलले. ओटी धुतली. टेबलावरचे, भिंतींवरचे नमुने लॅबमधून साफ आले, तेव्हाच सही केली. पाचव्या दिवशी ऑपरेशन झालं. टाके निघाले तेव्हा जखम कोरडी होती. सुमनबाई वॉकर धरून माझ्यासमोरून गेल्या, बोलल्या नाहीत. मला त्याचं काही नाही. चालल्या ना.

मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "आमच्या टीमनं वेळीच शोधलं." त्या टीमला मी अजून शोधतोय.

संकटात यंत्रणा उलटी करायला दहा जण धावतात. ती परत सुलटी करायचं कुणाच्याच ड्युटीत लिहिलेलं नसतं. पंखा कधी काढायचा, हे मीही कुठं लिहून ठेवलं नव्हतं. पण साहेबांनी ते विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.