ओटीतली बाटली

जिवाणूंना अहोजाहो करणारी बाई अख्ख्या मुंबईत एकच, आणि ती नेमकी माझी थोरली नणंद. वन्सं मुलुंडच्या एका लॅबमध्ये कामाला आहेत. कुणाच्या लघवीत कुठले जिवाणू वाढतात आणि ते कुठल्या औषधाने मरतात, हे बघायचं त्यांचं काम. "आज फार हट्टी मंडळी आली होती," असं त्या जेवताना म्हणाल्या की आम्ही समजायचो, हे पाहुण्यांबद्दल नाही. कुणाकडेही गेल्या की आधी औषधांचा डबा उघडून उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या जप्त. एका साखरपुड्यात तर नवऱ्यामुलाच्या आत्याच्या पर्समधूनही त्यांनी दोन काढल्या होत्या. मी मात्र हुशार. घसा धरला की नवऱ्याच्या अर्धवट राहिलेल्या कोर्समधल्या दोन गोळ्या घ्यायची आणि पाकीट पिठाच्या डब्यामागे सरकवायची.

माझ्या डोहाळजेवणाला सगळ्यांनी ओटीत नारळ घातला, वन्संनी लघवीच्या नमुन्याची बाटली. "अगो, ओटीत ही कसली बाटली?" सासूबाई ओरडल्या. वन्सं शांत. "सकाळी भरून दे गं. गरोदर बाईला काही होत नसलं, तरी कधीकधी ही मंडळी आत दडून असतात."

मला ना ताप, ना जळजळ. मी हसतच बाटली दिली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांनी लॅबमध्ये बोलावलं आणि काचेआडून माझ्या नमुन्यातले जिवाणू वाढवलेली एक बशी दाखवली. बशीत वेगवेगळी औषधं लावलेल्या कागदाच्या टिकल्या होत्या. "औषध लागू पडलं की टिकलीभोवती मोकळं रिंगण पडतं," त्या म्हणाल्या. माझ्या बशीत सायीसारखा थर थेट टिकल्यांना जाऊन भिडला होता. हलत काहीच नव्हतं. तरी मला वाटलं, तिथून कुणीतरी आपल्याकडे बघतंय. तेवढ्यात बाळाने लाथ मारली, आणि पहिल्यांदाच मी दचकले. आत ते एकटं नव्हतं.

"वन्सं, मी त्या उरलेल्या गोळ्या खायचे."

"माहितीये. गेल्याच आठवड्यात उचलल्या मी. त्यानेच झालं असं नाही सांगता येत. पण आता रडू नकोस, हे बघ."

एका, एकाच टिकलीभोवती कोटाच्या बटणाएवढं रिंगण होतं. डॉक्टरांनी त्याच औषधाची इंजेक्शनं दिली. सात दिवस वन्सं लॅब सुटली की माझ्या खाटेशी येऊन बसायच्या. पुढच्या तपासणीत बशी कोरी निघाली. मुलगी पूर्ण दिवसांची झाली, धडधाकट.

आता ती बालवाडीत जाते. परवा मी सहज विचारलं, "त्या बशीचं काय केलंत हो?"

"ती नष्ट केली. पण ते आहेत. नंबर घालून थंडगार फ्रीजमध्ये ठेवलेत. पुढे नवीन औषध तपासायला लागतील."

"जिवंत?"

"झोपलेत." वन्सं मुलीच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी रिटायर होतेय गं मी. नवीन पोरी हुशार आहेत. पण या मंडळींच्या मनात कधी काय येईल, ते त्यांना कळेल ना?"

मी नुसती त्यांच्याजवळ सरकून बसले.