पुसलेलं नाव

अशोकस्तंभाच्या मागच्या गल्लीत आमची अभ्यासिका होती. अभ्यासिका म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरचा एक हॉल, त्यात प्लायवूडचे आडोसे घालून पाडलेले साठ खण आणि प्रत्येक खणात आपलं वय जाळत बसलेला एकेक जण. कुणाला तलाठी व्हायचं होतं, कुणाला पीएसआय. मी कळवणहून आले होते आणि मला कुठलीही नोकरी चालली असती. फक्त परत जायचं नव्हतं.

वाल्मीकदादा तिथे माझ्याही आठ वर्षं आधीपासून होते. निफाडजवळच्या खेड्यातले. घरी भाजीपाला पिकायचा, तो धाकटा भाऊ भारत बघायचा. अभ्यासिकेतली नवी पोरं त्यांना सर म्हणायची, पण ते कुणाचेच सर नव्हते. ते आमच्यातलेच एक होते, फक्त सगळ्यांत जुने.

रोज सकाळी साडेसहाला, शटर वर जाताच, ते चालू घडामोडींची उजळणी घ्यायचे. चपलांच्या स्टँडवर एक पांढरा फळा टांगलेला होता. कालचे दहा प्रश्न, आठवड्यापूर्वीचे पाच, महिन्यापूर्वीचे पाच, असा त्यांचा हिशोब होता आणि तो कधी चुकला नाही. फळ्याच्या डाव्या बाजूला कायमची यादी असायची: कुठल्या पदावर कोण. माणूस बदलला की दादा जुनं नाव अंगठ्याने पुसायचे आणि तिथे नवं लिहायचे. त्यामुळे त्यांचा उजवा अंगठा बाराही महिने निळा असायचा. हे काम त्यांना कुणी दिलं नव्हतं.

जुनी माहिती त्यांना खपायची नाही. कुणी गेल्या महिन्यातलं नाव सांगितलं की म्हणायचे, "मार्केटमधून परत आणलेली मेथी हाय ही. गाईला टाक." आम्ही हसायचो. तेही हसायचे, पण त्यांना ते मनाला लागायचं.

मला सुरुवातीला या माणसाचा रागच यायचा. एवढं तोंडपाठ असून हे महाशय अजून इथेच कसे? कारण साधं होतं. गणितात आपटायचे. चालू घडामोडींत पैकीच्या पैकी आणि शेकडेवारीत दांडी गुल. त्यांच्या फळ्यापुढून उठून गेलेली बावीस माणसं आज सरकारी खुर्चीवर आहेत. त्यातला एकही नोकरीला लागल्यावर परत जिना चढून आला नाही. दादा मात्र त्यांची नावं अभिमानाने घ्यायचे. मला त्या बावीस जणांची चीड यायची. तेव्हा मी स्वतःला फार वेगळी समजत होते.

गेल्या वर्षी एका खात्याच्या लिपिकांची जाहिरात आली. दादांच्या वयोमर्यादेला शेवटचे सात महिने उरले होते, म्हणजे हा त्यांचा अखेरचा फॉर्म. त्यांनी तो भरला आणि चार महिने स्वतःला गणिताला असं जुंपलं, की जेवताना ताटाच्या कडेलाही बोटाने आकडेमोड चालायची. उजळणी मात्र एक दिवस चुकवली नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "दादा, आता तरी स्वतःपुरतं बघा ना." ते म्हणाले, "फळ्यावर लिहिल्याशिवाय माझ्याच ध्यानात राहत नाय गं."

परीक्षा रविवारी होती. त्या सकाळी मी अभ्यासिकेत विसरलेलं हॉलतिकीट घ्यायला गेले, तर दादा फळ्यासमोर उभे. हातात ताजा पेपर. एका महामंडळाचे अध्यक्ष शनिवारी संध्याकाळी बदलले होते. दादांनी जुनं नाव पुसलं, नवं लिहिलं आणि मला म्हणाले, "बघून घे. आजपासून हे." मग अभ्यासिकेच्या ग्रुपवरही टाकलं.

आणि नेमका तोच प्रश्न आला. एकाहत्तरावा. अमुक महामंडळाचे सध्याचे अध्यक्ष कोण? पर्यायांत जुनं नाव होतं आणि नवंही होतं. नवा माणूस पूर्वी दुसऱ्या कुठल्याशा पदावर होता, म्हणून चकवा द्यायला घातला असणार.

पेपर सुटल्यावर दादांनी मला गेटवरच गाठलं. "एकाहत्तर काय केलं?"

"जुनं."

"अगं, तुझ्यासमोर पुसलं ना मी!"

"दादा, पेपर महिनाभर आधी छापलेला असतो. काढणाऱ्याला कालचं काय माहीत?"

"ते मला ठाऊक नाय का? बारा वर्षं हेच करतोय. पण सुवर्णा, 'सध्याचे' लिहिलंय तिथं. जे नाव मी सकाळी या हाताने पुसलं, त्याच्यापुढचं वर्तुळ मी काळं करू?"

मला त्यांचा असा संताप आला की काय सांगू. दोन गुण! शेवटची परीक्षा, आणि हा माणूस खरंखोटं करत बसला. बसमध्ये मी त्यांच्याशी बोलले नाही.

पंधरा दिवसांनी पहिली उत्तरतालिका आली. एकाहत्तरच्या पुढे जुनं नाव बरोबर धरलेलं होतं. आम्ही खणात बसून आपापले गुण मोजले. माझे एकशे चोपन्न, दादांचे एकशे बावन्न. या वेळी गणिताने त्यांना तारलं होतं. ग्रुपवर सगळ्यांचे गुण येऊन पडत होते आणि जो तो एकच अंदाज सांगत होता, यादी एकशे चोपन्नवर थांबणार. म्हणजे मी उंबऱ्याच्या आत होते आणि दादा बाहेर. तालिका बदलली तर उलट.

चुकीच्या उत्तरावर हरकत घेता येते. मुदत तीन दिवसांची, आणि पुरावा शासकीय कागदाचा हवा. वर्तमानपत्राची कात्रणं चालत नाहीत. दादांकडे तर नुसती कात्रणंच होती, तीही तीन तीन पेपरांची, तारखेसकट नीट चिकटवलेली. ती घेऊन ते माझ्याकडे आले. सरकारी साइटवरचा कागद शोधण्यात अभ्यासिकेत माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

"नेमणुकीचा आदेश काढून दे तेवढा," ते म्हणाले. "मला त्या साइटचं काय कळत नाय."

तालिका बदलली तर माझंही उत्तर चुकणार, हे त्यांच्या डोक्यात आलंच नसेल असं मला वाटत नाही. पण त्यामुळे मी कागद देणार नाही, हे मात्र त्यांच्या डोक्यात आलं नाही.

आदेश मला दहा मिनिटांत सापडला. शनिवारची तारीख, सही, शिक्का, सगळं. मी तो फोनवर उतरवून घेतला, दोनदा वाचला आणि फोन उलटा ठेवला.

संध्याकाळी दादांनी विचारलं. मी म्हटलं, "अजून साइटवर चढवलेला दिसत नाही, दादा. उद्या बघते."

दुसऱ्या दिवशी त्यांची आई आली. कुसाबाई भाजीच्या गाडीबरोबर नाशिकला यायच्या तेव्हा दादांसाठी भाकरी घेऊन यायच्या. दादा खाली गेले होते. त्या माझ्या खणापाशी आल्या, चपला हातात धरूनच, आणि हळूच म्हणाल्या, "पोरी, औंदा व्हईल का गं त्याचं? लोक इचारत्यात, मी सांगते पोरगा नाशकात शिकवतो. आता किती दिस सांगू?"

मी म्हटलं, "होईल, आजी."

एवढं बोलून मी पुस्तकात डोकं घातलं. तेव्हाच फोन उचलून तो कागद पाठवायचा होता. एक बोट लावायचं काम. मला माझे वडील दिसत होते, घरी आणून बसवलेली स्थळं दिसत होती, कळवणचा तो माडीवरचा अंधारा पोटमाळा दिसत होता. ही कारणं खरी आहेत. पण ती सांगून मी सुटत नाही, हेही मला कळतं.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा नकारार्थी मान हलवली. दादांनी कात्रणं जोडूनच हरकत नोंदवली. अंतिम तालिका आली तेव्हा एकाहत्तर जसाच्या तसा होता. यादी एकशे चोपन्नवर थांबली. त्यात माझं नाव शेवटून चौथं होतं.

त्या दिवशीही दादांनी फळा लिहिला. कालचे दहा प्रश्न, आठवड्याचे पाच, महिन्याचे पाच. खाली कोपऱ्यात लहान अक्षरात लिहिलं, 'सुवर्णाचं अभिनंदन.' मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण मी हसले आणि पेढे वाटले.

महिनाभराने त्यांनी खण रिकामा केला. दोन गोण्या भरून कात्रणांच्या वह्या निघाल्या. "भारत म्हणतोय, रानात पाणी भरायला माणूस पाहिजेच हाय," एवढंच ते बोलले. उजळणी कुणी पुढे चालवली नाही. आठवडाभर फळ्यावर तेच वीस प्रश्न होते, मग कुणीतरी तिथे मेसचा नंबर लिहिला.

मी रुजू होण्याच्या आदल्या दिवशी दादा माझ्या खोलीवर आले. अंगात शेतातलाच सदरा होता, अंगठा मात्र स्वच्छ. खिशातून त्यांनी चार घड्या घातलेला कागद काढला.

"सापडला बघ," ते म्हणाले. "निफाडला सायबर कॅफेवाल्याकडं बसलो. महामंडळाच्याच साइटवर, खाली आदेशांचा एक कप्पा हाय, त्यात होता. तारीख वाच. शनिवार."

मी तारीख वाचली. मला ती पाठ होती.

"म्हणजे मी बरोबर होतो."

"हो दादा. तुम्ही बरोबर होतात."

ते लहान मुलासारखे खुलले. बऱ्याच दिवसांत त्यांना मी असं पाहिलं नव्हतं. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा आवाज उतरला. "तुला तवा दिसला नाय, ते मनाला लावून घेऊ नकोस. त्या साइट कधी उघडत्यात, कधी नाय. पोरगी स्वतःचे दोन गुण पणाला लावून माझ्यासाठी तीन दिवस शोधत बसली, हे मी आईला सांगितलं. तिनं तुला आशीर्वाद सांगितलाय."

सांगून टाकायला तेवढा वेळ पुरेसा होता. ते समोर बसले होते, दार लोटलेलं होतं, घाई कुणालाच नव्हती.

मी त्यांना विचारलं, "चहा टाकू, दादा?"