तळातली पेज

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतली माणसं देवाचं नाव घेतात, मी पाना घेतो. बावीस वर्षं हेच काम करतोय. बंद पडलेल्या गोष्टीला कारण असतंच, सापडत नसेल तर नीट शोधलेलं नसतं — हे माझं ठाम मत. त्यामुळे या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी (राग मानू नका) चहासोबत टाइमपास म्हणून वाचायचो. आता स्वतःचाच लिहितोय...

आम्ही घाटकोपर पूर्वेला, पंतनगरात राहतो. जुनी बिल्डिंग, तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. हसा खुशाल! गेल्या वर्षी आईला स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं आणि गिळणंही गेलं. नाकात नळी घालून घरी आणलं तेव्हा चार जणांनी तिला खुर्चीसकट वर चढवलं होतं. रोज खाली-वर करणं शक्यच नव्हतं, म्हणून गिळणं शिकवायला शीतल मॅडम घरी यायच्या. स्पीच थेरपिस्ट. गिळायलाही स्पीच थेरपिस्ट लागतो हे मला तेव्हाच कळलं. मूळच्या जालन्याच्या, वयाने माझ्यापेक्षा खूप लहान, पण चिकाटी जबरदस्त.

तीन आठवडे त्या चमचाभर खिमट आईच्या ओठांशी न्यायच्या आणि आई तोंड घट्ट मिटून भिंतीकडे बघायची. मी, बायको वैशाली आणि मुलगी मनू पलंगाभोवती उभे. "आई, आ कर ना गं. एकच घास." नाही म्हणजे नाही.

"घशात ताकद आलीय हो," मॅडम म्हणायच्या. "लाळ व्यवस्थित गिळतात. पण तोंडच उघडत नाहीत, तर मी काय करू?"

डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं — सोमवारपर्यंत तोंडाने सुरू झालं नाही तर पोटाला भोक पाडून नळी बसवावी लागेल. ते ऐकून आईने डाव्या हाताने चादर तोंडावर ओढून घेतली. मला ते बघवलं नाही.

शुक्रवारी दुपारी एकच्या सुमारास मॅडम आल्या. चपला काढता काढताच म्हणाल्या, "पेज केलीय ना? आज तुम्ही सगळे आधी जेवा, आजींच्या समोर बसून. त्यांना शेवटी द्यायची, टोपाच्या तळातली."

"असं का?"

"जिन्यातले काका म्हणाले. तुमच्या मालवणीत... थांबा हं... 'पोरांका आधी जेवूक सांगा, तेच्याशिवाय ती तोंड उघडूची नाय.' आणि तळातली थोडी करपलेली आवडते म्हणे. मला पटलं. आपल्याला घट्टच हवीय."

असेल कुणी शेजारी, म्हणून मी लक्ष दिलं नाही. पण स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. आईने जन्मात कधी आमच्या आधी घास घेतलेला नाही. आणि आम्ही तीन आठवडे उपाशी पोटी तिच्यापुढे चमचा घेऊन उभे!

ताटं घेऊन पलंगाजवळच बसलो. पेज, सुकटीची चटणी, लोणचं. आई एकेकाच्या ताटात बघत होती. मनूने चाटूनपुसून ताट तिला दाखवलं. मग मॅडमनी तळातली पेज चमच्यात घेतली, आईची हनुवटी खाली केली आणि गळ्यावर दोन बोटं ठेवली.

आईने तोंड उघडलं.

"गिळलं!" मॅडम ओरडल्याच. वैशाली रडायला लागली. मीही रडलो, लपवत नाही.

दुसऱ्या चमच्याला मात्र तोंड पुन्हा बंद. नजर दाराकडे. तेव्हा कुठे मी विचारलं, "मॅडम, कुठले काका?"

"दुसऱ्या मजल्यावर खुर्चीत बसले होते ना, गुडघा चोळत. कॉलरला रुमाल लावलेला."

ती खुर्ची बाबांनी ठेवलेली. गुडघ्यांमुळे एका दमात तीन मजले होत नसत, तिथे टेकायचे. घामाने कॉलर खराब होऊ नये म्हणून रुमाल. बाबांना जाऊन चार वर्षं झाली... मी धावत खाली गेलो. खुर्ची रिकामी होती.

परत आलो तर आईचे ओठ हलत होते. स्ट्रोकनंतरचे तिचे पहिले शब्द.

"ह्ये... जेवले?"

आई बाबांना 'ह्ये' म्हणते. मी म्हणालो, "हो आई. जेवले."

आईने तोंड उघडलं.

नंतर मी शोधायचं तेवढं शोधलं. बिल्डिंगमध्ये घरोघर विचारलं. गेटवरचा कॅमेरा पाहिला — त्या तासाभरात आत आले फक्त मॅडम आणि सिलिंडरवाला. हॉलमधला बाबांचा फोटो मॅडमना दाखवला. "जिन्यात उजेड कमी होता हो, खोटं कशाला सांगू," म्हणाल्या. फोटोत बाबा टाय लावून बसलेत, त्यात ना खुर्ची ना रुमाल. आणि तळातली पेज? आम्हाला करपलेली लागू नये म्हणून आई ती घेते, असंच मी समजत होतो. मानखुर्दला दिलेली माझी बहीणही तसंच समजत होती. करपलेली आईला मुळातच आवडते, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात नाकातली नळी निघाली. पोटाला हात लावावा लागला नाही. कारण मात्र मला अजून सापडलेलं नाही.

आजही पहिला चमचा तोंडाशी नेला की आई आधी माझ्याकडे बघते. मी म्हणतो, "जेवले." खोटं बोलतोय असं मला अजून एकदाही वाटलेलं नाही.